नेट आहे, नावं गेलीत

"अगं, नेट गेलंय का?" आतल्या खोलीतून आईने विचारलं.

राउटरचे दिवे नेहमीसारखे लुकलुकत होते. मी टर्मिनलसमोर बसले होते आणि नुकतंच काय करून ठेवलंय ते हळूहळू माझ्या लक्षात येत होतं.

"नेट आहे," मी म्हणाले. "नावं गेलीत."

"म्हणजे?"

"पाच मिनिटं थांब."

ती पाच मिनिटं पुढे पावणेदोन तास चालली. त्या पावणेदोन तासांत घरातली सगळी यंत्रं जगाशी व्यवस्थित जोडलेली होती. फक्त जगात कोण कुठे राहतं, हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

मराठीत 'नावं ठेवणे' या प्रयोगाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्याकडे गेली काही वर्षं रास्पबेरी पाय नावाचा मुठीएवढा एक संगणक अक्षरशः नावं ठेवतो. कुणीही कुठल्या साइटचं नाव उच्चारलं की तो तिचा आकडी पत्ता शोधून आणतो आणि काही काळ लक्षात ठेवतो. हाच आमचा डीएनएस सर्व्हर. नवं राउटर घेतलं की हे काम बहुतेकांकडे आपोआप इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे जातं आणि त्यात वाईट काहीच नाही. मग स्वतःचा कशाला? विचारणाऱ्यांना मी गोपनीयता हे कारण सांगते. आपण दिवसभर कुठली नावं विचारली याची यादी म्हणजे जवळजवळ रोजनिशीच, ती दुसऱ्याच्या हातात का द्यायची, वगैरे. हे खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. माझा सर्व्हर बाहेर जाऊन प्रश्न विचारतो ते उघड्यावरच विचारतो, त्यामुळे वाटेत बसलेल्याला ते वाचता येतातच. खरं कारण कुतूहल. चालतं कसं हे बघायचं होतं.

आणि चालतं ते मोठं गमतीशीर. अनोळखी वस्तीत पत्ता विचारत जावं तसं. सुरुवात मुळापासून, म्हणजे रूट सर्व्हरपासून. त्यांची नावं तेरा, ए पासून एम पर्यंतची अक्षरं. प्रत्यक्ष यंत्रं जगभर विखुरलेली आहेत आणि तेरापेक्षा कितीतरी जास्त आहेत, पण नावं तेराच, कारण ती यादी ५१२ बाइटच्या एका उत्तरात मावायला हवी होती. रूटला विचारलं की तो पत्ता सांगत नाही. 'मला ठाऊक नाही, पण डॉट कॉमवाल्यांना विचार' म्हणतो. डॉट कॉमवाले म्हणतात, 'आम्हाला ठाऊक नाही, पण त्या डोमेनचा सर्व्हर अमुक ठिकाणी आहे.' तिसऱ्या दारावर उत्तर मिळतं. ठाऊक नसलेल्यांनीही योग्य माणसाकडे बोट दाखवायचं, एवढ्या सभ्यतेवर सगळा डोलारा उभा आहे.

बसवणं सोपं होतं, हे कबूल करायला हवं. मी अनबाउंड निवडला. नेदरलँड्समधल्या एनएलनेट लॅब्जचं हे सॉफ्टवेअर, पहिली पूर्ण आवृत्ती २००८ ची. दुसऱ्यांची नावं शोधून आणणं एवढंच त्याचं मुख्य काम, म्हणून त्याची सेटिंगची फाइलही छोटी. पंधराएक ओळींत भागलं. त्यातली महत्त्वाची ओळ एकच, कुणाचे प्रश्न ऐकायचे ती. ती नीट लिहिली नाही आणि सर्व्हर बाहेरून पोहोचता येईल असा असला, तर तो साऱ्या जगाला उत्तरं देत बसतो. मग कुणीतरी तिसऱ्याचा पत्ता खोटाच लावून त्याला छोटे छोटे प्रश्न पाठवतो आणि आपला सज्जन सर्व्हर त्या बिचाऱ्या तिसऱ्यावर मोठाल्या उत्तरांचा मारा करतो. म्हणून ऐकायचं ते फक्त घरच्यांचं.

सगळं सुरू झाल्यावर मी डिग ही नावाचा पत्ता विचारायची कमांड चालवली. पहिल्या उत्तराखाली लिहिलं होतं, १८७ मिलिसेकंद. तीच कमांड पुन्हा चालवली. ० मिलिसेकंद. कारण आता ते नाव त्याच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या आठवणीत होतं. तो शून्य बघून जो आनंद झाला तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता. त्या संध्याकाळी मी उगाचच तीसचाळीस नावं दोन दोनदा विचारली.

पुढे उत्साह वाढला आणि स्वतःच्या डोमेनचा सर्व्हरही आपणच चालवावा असं वाटू लागलं. हे काम वेगळं. इथे आपण नावं शोधत नाही, आपल्या नावांबद्दल जगाला अधिकाराने सांगतो. त्यासाठी भाड्याच्या सर्व्हरवर बाइंड बसवला, जो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलीच्या विद्यापीठात चार विद्यार्थ्यांनी लिहायला घेतला होता. त्याच्या झोन फाइलमध्ये, म्हणजे आपल्या डोमेनमधल्या नावांच्या यादीत, नावाच्या शेवटी टिंब द्यावं लागतं. टिंब म्हणजे 'नाव इथे संपलं'. विसरलात तर बाइंड समजतो की नाव अर्धवट आहे, आणि भल्या मनाने पुढे डोमेन जोडून देतो. माझा मेल सर्व्हर एक अख्खा दिवस 'मेल डॉट माझं डोमेन डॉट कॉम डॉट माझं डोमेन डॉट कॉम' अशा ठिकाणी राहत होता, जे अर्थात कुठेच नव्हतं. शाळेत पूर्णविराम विसरल्याचा अर्धा मार्क जायचा, इथे दिवसभराची पत्रं अडकली. दुसरी खोड सीरियल नंबरची. फाइल बदलली की तो वाढवायचा, नाहीतर आपल्या यादीची प्रत ठेवणाऱ्या दुय्यम सर्व्हरला काही बदललंय हे कळतच नाही आणि तो जुनीच नावं निष्ठेने सांगत राहतो. यावर माझे किती तास गेले याचा हिशेब नको.

पण हे सगळं बसवण्याचं झालं. बसवणं हा एका संध्याकाळचा उत्साह असतो. खरा प्रश्न त्यानंतर येतो. चालू असलेल्या गोष्टीला हात लावायचा का? डीएनएस सर्व्हर नीट चालत असतो तेव्हा तो आहे हेच कुणाला ठाऊक नसतं. अपडेट केल्यावर नीट चालला तरी कुणाला कळत नाही. कळतं फक्त बिघडल्यावर. अशा गोष्टीचं अपडेट पुढे ढकलायला मन नेहमी तयार असतं, आणि माझं तर जरा जास्तच.

ढकलू नये, याची कारणं मात्र जबरदस्त आहेत. २००८ साली डॅन कामिन्स्की या सुरक्षा-संशोधकाने दाखवून दिलं की रिझॉल्व्हरच्या, म्हणजे नावं शोधून आणणाऱ्या सर्व्हरच्या, कॅशमध्ये खोटी उत्तरं घुसवणं समजलं जात होतं त्यापेक्षा फार सोपं आहे. प्रत्येक प्रश्नावर एक क्रमांक असतो आणि उत्तरावर तोच यावा लागतो. पण हा क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे शक्यता फक्त ६५,५३६. खोटी उत्तरं भराभर पाठवत राहिलं की एखादं जुळतंच. आणि हरलेली खेळी लगेच नव्या नावाने पुन्हा मांडता येते, ही कामिन्स्कीची मेख. ८ जुलै २००८ ला बऱ्याच सॉफ्टवेअरांच्या दुरुस्त्या ठरवून एकाच दिवशी बाहेर आल्या. उपाय काय, तर प्रत्येक प्रश्न वेगवेगळ्या, अंदाज न लागणाऱ्या पोर्टवरून, म्हणजे संगणकाच्या क्रमांक दिलेल्या दारातून, विचारायचा, म्हणजे खोटं बोलणाऱ्याला क्रमांकाबरोबर पोर्टही ओळखावा लागेल. डॅनियल बर्नस्टाइन हे कितीतरी आधीपासून सांगत होता, आणि त्याने स्वतः लिहिलेल्या डीजेबीडीएनएस या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये ते होतंही. ऐकलं कुणी नाही.

मग फेब्रुवारी २०२४ मध्ये कीट्रॅप नावाचा हल्ला उघड झाला. डीएनएससेक ही उत्तरांवर सह्या करायची पद्धत. खोट्या उत्तरांवर उतारा म्हणून ती आणली आणि तिच्याच नियमांत वर्षानुवर्षं भोक होतं. मुद्दाम रचलेलं एक उत्तर आलं की सह्या पडताळता पडताळता रिझॉल्व्हर गणितातच अडकून पडायचा, आणि एखादं सॉफ्टवेअर तर तब्बल १६ तास. चूक एका कुणाच्या कोडमध्ये नव्हती, नियमांतच होती, त्यामुळे सगळ्यांनाच अपडेट काढावे लागले. माझ्याकडचं अपडेट मी त्याच आठवड्यात केलं. एखादीच्या आळसाला मर्यादा असते.

सुरुवातीला सांगितलेली संध्याकाळ मात्र अशा कुठल्या संकटाची नव्हती. पायवरची सगळी सिस्टम नव्या आवृत्तीवर नेत होते, अनबाउंड त्यातच आला. मध्येच पॅकेज मॅनेजरने, म्हणजे सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या प्रोग्रामने, विचारलं की ही कॉन्फिग (सेटिंगची) फाइल तुम्ही बदललेली दिसते, तुमची ठेवू की आमची नवी घेऊ? हा प्रश्न मला नेहमी पेचात टाकतो. आपली ठेवावी तर नवं काही राहून जाईल असं वाटतं, नवी घ्यावी तर आपली मेहनत जाते. मी हुशारी केली. मूळ फाइल त्यांची घेतली आणि माझ्या ओळी एका वेगळ्या फाइलमध्ये शेजारच्या फोल्डरात ठेवल्या. अनबाउंड रिस्टार्ट केला. तो उठलाच नाही.

आता इथे शहाण्या बाईने लॉग, म्हणजे प्रोग्रामने स्वतः लिहिलेली नोंदवही, वाचला असता. मी काय केलं? मी ठरवूनच टाकलं की नवी आवृत्ती सदोष आहे. घाईघाईने सोडतात, तपासत नाहीत, अशी मनातल्या मनात अनबाउंडवाल्यांना यथेच्छ नावं ठेवली आणि जुनी आवृत्ती परत बसवायची ठरवली. ती डाउनलोड करायला पॅकेजच्या सर्व्हरचा पत्ता हवा. पत्ता सांगणार कोण? पाय स्वतःचे प्रश्न स्वतःलाच विचारत होता आणि तो तर मेलेला. कोंबडी आधी की अंडं आधी, याचं इतकं शुद्ध रूप मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा मला आठवली होस्ट्स फाइल. प्रत्येक संगणकात ही साधी फाइल अजूनही असते. डावीकडे आकडी पत्ता, उजवीकडे नाव. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिसने डीएनएसची कल्पना मांडली, त्याआधी अख्ख्या नेटवर्कचा कारभार अशा एकाच फाइलवर चालायचा. ती कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या कचेरीत सांभाळली जायची. नवा संगणक जोडलात की त्या कचेरीला कळवायचं, तिथली माणसं यादीत ओळ वाढवणार, आणि बाकीचे सगळे ती यादी अधूनमधून उतरवून घेणार. संगणक वाढले तशी यादी फुगली आणि माणसांच्या हाताबाहेर गेली, म्हणून तर डीएनएस आलं. माझ्या मोडक्या डीएनएससमोर बसून मी त्याच्या आधीच्या काळात गेले. फोन मोबाइल डेटावर घेतला, पॅकेज सर्व्हरचा पत्ता शोधला, कागदावर उतरवला, आणि होस्ट्स फाइलमध्ये हाताने एक ओळ लिहिली. डाउनलोड सुरू झालं! माझ्यापुरती मी त्या कचेरीतली कर्मचारी.

(रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलमध्ये दुसऱ्या कुणाच्या रिझॉल्व्हरचा पत्ता टाकला असता तर हेच दहा सेकंदांत झालं असतं. ते मला रात्री अंथरुणात पडल्यावर सुचलं.)

आईने दोनदा डोकावून पाहिलं. "पाच मिनिटं झाली का तुझी?" एवढंच म्हणाली.

जुनी आवृत्ती बसली. रिस्टार्ट केली. तीही उठली नाही.

मग मी लॉग वाचला. त्यात पहिल्यापासून, पहिल्या रिस्टार्टपासून, एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहिलेली होती. रूटची विश्वासाची किल्ली (रूटच्या सह्या पडताळायची) दोनदा दिली आहे. माझ्या फाइलमध्ये ती किल्ली कुठे आहे हे सांगणारी ओळ होती. पॅकेजने त्याच फोल्डरात स्वतःची एक फाइल ठेवली होती, तीतही नेमकी तीच ओळ. पूर्वी माझी मूळ फाइल तो फोल्डर वाचतच नव्हती. त्यांची नवी फाइल तो अख्खा वाचत होती. अनबाउंडला एकच गोष्ट दोनदा सांगितलेली आवडली नाही, आणि त्याचं काहीच चुकलं नव्हतं. काखेत कळसा होता आणि मी १९८३ पर्यंत वळसा घालून आले होते. एक ओळ पुसली, नवी आवृत्ती पुन्हा चढवली, आणि आतल्या खोलीतून आवाज आला, "आलं गं!"

स्वतःचा सर्व्हर चालवण्यातली सगळ्यात मोठी गैरसोय मला तेव्हा कळली. बिघडलं तर नावं ठेवायला दुसरं कुणी उरत नाही.

भाड्याच्या सर्व्हरवरचा बाइंड मी ९.१८ वरून ९.२० वर नेला तेव्हाही असंच झालं, पण तो प्रसंग फारच सभ्यपणे पार पडला. सह्या आपोआप करून घेण्यासाठी माझ्या फाइलमध्ये ऑटो-डीएनएससेक नावाचा पर्याय होता. ९.१८ तो जुना झाल्याची सूचना देत होता, मी ती बघून न बघितल्यासारखं करत होते. ९.२० ने तो काढूनच टाकला. हा पर्याय आता अस्तित्वात नाही, असं सांगून बाइंड थांबला. पण बाहेर कुणालाच काही कळलं नाही, कारण माझ्या नावांची दुय्यम प्रत एका मैत्रिणीच्या सर्व्हरवर आहे, तिच्या नावांची माझ्याकडे. तिचा सर्व्हर शांतपणे उत्तरं देत राहिला. मूळ सर्व्हर गप्प झाला तर दुय्यमाने किती काळ किल्ला लढवायचा, हा आकडा झोन फाइलच्या सुरुवातीलाच असतो. माझ्याकडे तो १२,०९,६०० सेकंद आहे, म्हणजे १४ दिवस. अर्ध्या तासाने तिचा मेसेज आला, "तुझा बाइंड झोपलाय का?"

पर्याय बदलताना मात्र मी घाई केली नाही. नवी पद्धत धोरण लिहून द्यायची आहे. सह्यांच्या किल्ल्या कुठल्या जातीच्या, किती, किती दिवसांच्या. हे धोरण आपल्या जुन्या किल्ल्यांशी जुळलं नाही, तर बाइंड आज्ञाधारकपणे त्या बदलायला घेतो, आणि वरच्या डोमेनकडे नोंदवलेली खूण जुन्याच किल्लीची राहिली तर पडताळणी करणाऱ्यांच्या लेखी आपण खोटे ठरतो. म्हणून आधी जुन्या किल्ल्यांना तंतोतंत जुळणारं धोरण लिहिलं, कॉन्फिग तपासायच्या कमांडने दोनदा तपासलं, मग सुरू केलं. अनबाउंडची संध्याकाळ अगदीच वाया गेली नव्हती.

सह्यांचा खरा हिसका मला घड्याळाने दाखवला. तीन आठवडे बाहेर होते. जाताना सगळं बंद करून गेले. परत येऊन पाय चालू केला, तर एकही नाव मिळेना. अपडेट नाही, बदल नाही, काही नाही. या वेळी लॉग आधी वाचला. लिहिलं होतं की सहीची मुदत अजून सुरू झालेली नाही. अजून सुरू झालेली नाही? संपली असती तर समजलं असतं. मग डिगला सांगितलं की सही तपासू नको, नुसतं उत्तर दे. उत्तर लगेच आलं. म्हणजे वाट ठीक, उत्तर ठीक, अडलंय ते पडताळणीत. शेवटी तारीख विचारली. पाय सांगत होता की आज तो दिवस आहे, ज्या दिवशी मी त्याला बंद केलं.

माझ्या पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. बंद होताना तो वेळ एका फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि उठला की तिथूनच पुढे मोजायला लागतो, नेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत. त्याच्या लेखी तीन आठवडे झालेच नव्हते. जगातल्या सगळ्या ताज्या सह्या त्याला भविष्यातल्या दिसत होत्या, आणि भविष्यातली सही खोटीच. बरं, नेटवरून वेळ विचारायची तर वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचं नाव शोधायला हवं. नाव शोधायचं तर सही पटायला हवी. सही पटायची तर वेळ बरोबर हवी. तो गोल गोल फिरत होता आणि प्रत्येक पाऊल त्याच्या जागी बरोबर होतं.

तारीख हाताने लिहिली आणि सगळं धडाधड सुरू झालं. नंतर कायमची सोय केली. आमच्या राउटरला वेळ सांगता येते, तेव्हा पायला वेळेसाठी राउटरचा नुसता आकडी पत्ता देऊन टाकला. वेळेपुरतं नाव काढायचंच नाही.

अलीकडे महिन्यातून एकदा मी अनबाउंडची किल्लीची फाइल उघडून बघते. ती तो स्वतःच लिहितो. रूटवरच्या सह्या २०१० पासून आहेत आणि त्यांची मुख्य किल्ली आजवर एकदाच बदलली, ११ ऑक्टोबर २०१८ ला. खरं तर ती २०१७ मध्येच बदलायची होती, पण पुष्कळ रिझॉल्व्हरांनी नवी किल्ली उचललीच नाही असं दिसलं आणि बेत वर्षभर पुढे गेला. दुसऱ्या बदलासाठी ठरलेली तारीख ११ ऑक्टोबर २०२६. नवी किल्ली ११ जानेवारी २०२५ पासून रूटमध्ये दिसते आहे. रिझॉल्व्हरने ती दिसली की लगेच विश्वास ठेवायचा नसतो, तीस दिवस सतत दिसत राहिली तरच ती खरी मानायची. माझ्या फाइलमध्ये त्या महिन्यात २०३२६ या जुन्या क्रमांकाखाली ३८६९६ अशी नवी ओळ आली होती आणि तिच्यापुढे 'ॲडपेंड' लिहिलेलं होतं, म्हणजे उमेदवारी चालू. फेब्रुवारीत पाहिलं तर दोन्ही ओळींपुढे 'व्हॅलिड'. मी काहीही केलेलं नव्हतं.

टेबलाच्या खणात या पायचं एक जुनं मेमरी कार्ड आहे, काही बिघडलं तर चटकन लावता यावं म्हणून करून ठेवलेली २०२३ ची प्रत. त्या प्रतीत किल्ली एकच आहे, जुनी. कार्डावर मी कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे: "आधी तारीख. मग किल्ली. आणि लॉग वाच."